पळसाखाली फुलपाखरं शोधत बसू नका

मार्चच्या सुरुवातीला फुलपाखरं बघायला भीमाशंकरला जायचं ठरवलंयत, छान. फक्त एक गैरसमज आधीच काढून टाका. पळस, पांगारा, काटेसावर फुलले की वसंत आला हे खरं, पण त्या लालभडक फुलांवर गर्दी असते ती मैना, कोतवाल, सूर्यपक्ष्यांची. फुलपाखरांसाठी नजर खाली आणा. करवंदीच्या पांढऱ्या फुलांपाशी थांबा, अंजनीच्या फांद्यांना चिकटलेले निळेजांभळे झुबके बघा. घाणेरी परकी आणि उपद्रवी, पण फुलपाखरं काही तिला नाकारत नाहीत!

माझा भर मात्र पाण्यावर राहील. ओढे आटत आले की उरलेल्या ओल्या वाळूवर उन्हं तापल्यावर नर उतरतात, क्षार शोषायला. तिथे फुलापेक्षा जास्त प्रकार एकाच जागी मिळतात. सावली पडू न देता बसून पुढे सरका. उभ्याने गेलात तर सगळी उडतील.

आंब्यावरचं बांडगूळही चुकवू नका. हळदीकुंकू फुलपाखरू त्याच्याच पानांवर अंडी घालतं, एकेक नाही, ओळीने मांडल्यासारखी. ब्लू ओकलीफ हे फुलपाखरू बघायचं असेल तर फुलं विसरा. ते झाडाच्या चिकावर आणि सडक्या फळांवर येतं, आणि पंख मिटले की वाळकं पानच.

महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन दिसेलही, पण त्याचा खरा बहर पावसाळ्यात आणि त्यानंतर. त्यासाठी सप्टेंबरात पुन्हा या.