महिनाभर उशिरा हाती येणाऱ्या अंकांवर मत मांडावे का?

आपण त्रिमूर्तीनगरहून लिहिलेला प्रश्न वाचला आणि त्यात माझीच जुनी अडचण जशीच्या तशी दिसली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की अमेरिकेतील एका दुकानाकडून आपण दर महिन्याला नव्या सुपरहिरो कॉमिक्सचे पार्सल मागवता, ते भारतात आल्यावर सीमाशुल्काच्या एका कार्यालयात अडकून पडते, अंक नागपुरात पोहोचेपर्यंत सगळ्यांचे बोलून झालेले असते, आणि मागच्या वेळी आपण एका अंकाबद्दल मनापासून लिहिलेत तेव्हा ‘हे आता कोण वाचणार’ असे उत्तर मिळाले. छापील अंक बंद करावेत का, इतरांची परीक्षणे वाचून त्यांवरच मत द्यावे का, आणि ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’ व ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ यांपैकी कोणती मालिका चालू ठेवावी, असे आपले तीन प्रश्न आहेत. दुकान कसे निवडावे, नाव कसे नोंदवावे हे आपल्याला ठाऊक आहेच, म्हणून त्यात जात नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याबद्दल माझे मत ठाम आहे. न वाचलेल्या अंकाबद्दल मत देऊ नये. प्रकाशनाच्या दिवशीच येणाऱ्या परीक्षणांतील बरीचशी कथानकाचा सारांश सांगून शेवटी दहापैकी गुण देतात, आणि तो सारांश वाचून लिहिलेल्या मतात त्याच सारांशाची पुनरावृत्ती होते. नियमित अंकात कथेची साधारण २० ते २२ पाने असतात. तेवढ्यात काय घडले हे चार ओळींत सांगता येते, पण ते कसे घडवले हे पान समोर असल्याशिवाय सांगता येत नाही. कथेतील मोठा धक्का आधीच नजरेस पडू नये म्हणून तो पान उलटल्यावर दिसणाऱ्या डाव्या पानावर ठेवतात. एखाद्या प्रसंगापुरती रंगकाराने सगळी रंगसंगती बदललेली असते, आणि संवादाचे फुगे नजरेला कोणत्या क्रमाने नेतील हे अक्षरलेखकाने ठरवलेले असते. श्रेयनामावलीत पाच-सहा नावे असतात, तरी मते एकट्या लेखकाबद्दलच दिली जातात, ही मला आपल्या वाचकांमधील सर्वांत मोठी उणीव वाटते. ज्या मतावरून आपल्याला हिणवले गेले त्यात आपण शाईकामाबद्दल, म्हणजे पेन्सिलीच्या रेखाटनावर शाईने रेषा पक्क्या करण्याच्या कामाबद्दल, दोन परिच्छेद लिहिले होते. तसे लिहिणारे फार थोडे आहेत, तेव्हा ते कृपया थांबवू नका.

आता ‘उशीर झाला’ या आक्षेपाबद्दल. हा आक्षेप घेणाऱ्यांनी अमेरिकेतील विक्रीची पद्धत समजून घेतलेली दिसत नाही. तेथील कॉमिक दुकाने दोन-तीन महिने आधी जाहीर झालेल्या यादीवरून अंक मागवतात आणि अंतिम मागणी प्रकाशनाच्या साधारण तीन-चार आठवडे आधी नोंदवतात. न खपलेले अंक सहसा परत घेतले जात नाहीत, त्यामुळे दुकानदार हात राखूनच मागणी करतो. परिणामी, नव्या मालिकेचा पहिला अंक वाचकांच्या हाती पडतो त्याच सुमारास दुसऱ्या अंकाची मागणीही बहुधा ठरून गेलेली असते. प्रकाशनाच्या दिवशीच, म्हणजे पहिल्या बुधवारी, घाईने लिहिलेल्या मतामुळे त्या दुसऱ्या अंकाचे फारसे बिघडत नाही आणि फारसे सुधारतही नाही. वाचकांच्या पसंती-नापसंतीचा परिणाम तिसऱ्या-चौथ्या अंकापासून दिसू लागतो, आणि पुढे पाच-सहा अंकांचा एकत्रित खंड निघतो तेव्हा तो घ्यावा की नाही हे ठरवणारा नवा वाचक जुनीच मते शोधून वाचतो. महिन्याभराने लिहिलेले आपले मत त्या वाचकाच्या नक्कीच उपयोगाचे आहे.

एक उदाहरण देतो. जानेवारी २०२४ मध्ये जोनाथन हिकमन आणि मार्को केकेट्टो यांच्या ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’चा पहिला अंक आला. त्यातील पीटर पार्कर, म्हणजे पुढे स्पायडर-मॅन होणारा नायक, हा दोन मुलांचा बाप असलेला संसारी माणूस आहे, आणि त्याला शक्ती मिळण्याचा प्रसंग अंकाच्या अखेरीस येतो. अशा अंकावर त्याच दिवशी निकाल देणे मला योग्य वाटत नाही. घरातल्या संवादांची ती संथ गती कथेला कुठे नेणार आहे, हे पुढचे दोन-तीन अंक वाचल्यावरच कळते. नागपुरात एके काळी गल्लोगल्ली हिंदी कॉमिक्स भाड्याने मिळत, आणि नागराज किंवा सुपर कमांडो ध्रुवचा अंक हातोहात फिरत शेवटच्या वाचकापर्यंत पोहोचेपर्यंत बरेच दिवस जात. शेवटी वाचणाऱ्याचे म्हणणेही तितक्याच उत्सुकतेने ऐकले जाई. ती सवय मोडू नये असे मला मनापासून वाटते.

उशिराचे खापर आपण डायमंड या वितरक कंपनीवर फोडले आहे, ते मात्र पटले नाही. डायमंडने जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला हे खरे आहे, परंतु बॅटमॅनचे अंक काढणाऱ्या डीसीने २०२० मध्येच त्या कंपनीशी संबंध तोडला होता आणि स्पायडर-मॅनचे अंक काढणाऱ्या मार्व्हलचे मुख्य वितरण ऑक्टोबर २०२१ पासून पेंग्विन रँडम हाऊसकडे गेले. त्या घटनेची झळ छोट्या प्रकाशकांना अधिक बसली. आपण सांगितलेल्या दोन्ही मालिकांचे अंक अमेरिकेतील दुकानात वेळेवर पोहोचत होते.

खरा विलंब पार्सल भारतात उतरल्यावर होतो, आणि आपल्या लिखाणातील तो भाग वाचताना मला पुन्हा एकदा संताप आला. कार्यालयाचे नाव मी लिहिणार नाही, कारण माझी तक्रार कोणा एका माणसाविरुद्ध नाही. माझ्या पार्सलमध्ये एका चालू कथेचे मधले दोन अंक होते. ‘तपासणीसाठी रोखले’ एवढाच शेरा संगणकावर दिसत राहिला आणि कारण कोठेही लिहिलेले नव्हते. दूरध्वनी केला तर ई-मेल करा असे सांगितले जाई, ई-मेल केला तर समक्ष या असे उत्तर येई, आणि परगावच्या त्या कार्यालयात समक्ष गेल्यावर कागद दुसऱ्या टेबलावर आहे असे कळे. प्रत्येक अंकाची एकच प्रत असल्याचे बिलावर स्पष्ट दिसत असतानाही हा माल विक्रीसाठी नाही याचे प्रमाणपत्र आणायला सांगितले. ते प्रमाणपत्र कोणी द्यायचे, हे मात्र तेथे कोणालाच सांगता आले नाही. एका कर्मचाऱ्याने अंक चाळून विचारले की एवढ्या मोठ्या माणसाला ही लहान मुलांची चित्रे कशाला हवीत. त्या प्रश्नाचा शुल्काशी काहीही संबंध नव्हता, आणि तो विचारण्याचा अधिकार त्या खुर्चीला नाही, असे माझे आजही म्हणणे आहे. शेवटी कागदपत्रे मागणारे लेखी पत्र घरी आले ते मुदत उलटून गेल्यावर, आणि तोवर पार्सल परत पाठवले गेले होते.

दुकानाने अंकांचे पैसे परत केले. ते अंक मात्र परत मिळाले नाहीत, कारण तोपर्यंत पहिली आवृत्ती संपली होती आणि इतरत्र त्यांच्यासाठी कितीतरी पट किंमत मागितली जात होती. कथेचे मधले दोन दुवे तुटल्यामुळे पुढचे अंक माझ्याजवळ असूनही ते मी उघडले नाहीत. धरमपेठेत आम्ही काही मित्र शनिवारी संध्याकाळी जमतो आणि आठवड्याच्या अंकांवर बोलतो. त्या संपूर्ण कथेच्या काळात मला तेथे गप्प बसावे लागले, कारण न वाचलेल्या अंकाबद्दल बोलायचे नाही हा माझा नियम आहे. शेवटी एकत्रित खंड आल्यावर ती कथा वाचली. ती उत्तम होती, पण महिन्या-महिन्याच्या अंतराने वाट पाहत वाचण्याचा आणि मधल्या काळात तर्क लढवण्याचा जो आनंद असतो, तो त्या कार्यालयाच्या बेफिकिरीमुळे कायमचा गेला. त्याची भरपाई कोठेही मागता येत नाही.

हे आपल्या बाबतीत घडू नये म्हणून काही गोष्टी सुचवतो. मी सीमाशुल्काचा जाणकार सल्लागार नाही, माझा अनुभव वाचकाचा आहे, आणि दर बदलत असल्यामुळे मागणी करण्यापूर्वी चालू नियम स्वतः पाहून घ्यावेत. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात होणाऱ्या छापील पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लावण्यात आले, तर छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. मात्र पार्सलवर ‘भेटवस्तू’ किंवा ‘संग्राह्य वस्तू’ असे मोघम लिहिले असेल, तर ते पुस्तकांऐवजी दुसऱ्याच शीर्षकाखाली जाऊ शकते आणि आकारणी बदलते. म्हणून टपालाने येणाऱ्या पार्सलच्या सीएन २२ किंवा सीएन २३ या घोषणापत्रावर ‘छापील कॉमिक मासिके, प्रत्येकी एक प्रत, वैयक्तिक वाचनासाठी’ असे स्पष्ट इंग्रजीत लिहिण्याची विनंती दुकानाला करावी, आणि बिलाची एक प्रत आत व एक बाहेर लावून घ्यावी. किंमत कमी दाखवण्याची सूचना कोणी केली तर ती मानू नये. शुल्क वाहतूक खर्च धरून आकारले जाते, त्यामुळे रक्कम अपेक्षेपेक्षा थोडी जास्त आली तर लगेच वाद घालू नये. पार्सलवरील नाव आपल्या ओळखपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे, कारण ओळख पटवण्याच्या टप्प्यावर टोपणनावाची पार्सले हमखास अडकतात. प्रत्येक उत्तर लेखी मागावे. तोंडी मिळालेल्या आश्वासनाचा पुढच्या टेबलावर काहीही उपयोग होत नाही.

पहिल्या प्रश्नाबद्दल सांगायचे तर छापील अंक पूर्ण बंद करू नयेत, परंतु सगळेच अंक छापील घेण्याचा हट्टही धरू नये. ज्या अंकाबद्दल त्याच आठवड्यात बोलायची तीव्र इच्छा आहे तो डिजिटल घ्यावा. डिजिटल कॉमिक्स विकणाऱ्या कॉमिक्सॉलॉजीचे वेगळे अ‍ॅप डिसेंबर २०२३ मध्ये बंद होऊन अ‍ॅमेझॉनच्या किंडल या वाचन-अ‍ॅपमध्ये सामावले गेले, तेव्हापासून वाचनाची सोय थोडी खालावली आहे, तरी काम भागते. एकच आग्रहाची सूचना आहे. मोबाईलवर एकेक चौकट मोठी करून दाखवणारी जी सोय असते, ती पहिल्या वाचनात बंद ठेवावी. तिच्यामुळे संपूर्ण पानाची मांडणी दिसत नाही, दोन पानांवर पसरलेल्या चित्राचे तुकडे होतात, आणि मग ‘चित्रे विस्कळीत आहेत’ अशी मते लिहिली जातात, जी चित्रकारावर अन्याय करणारी असतात. शक्य असेल तर टॅबलेटवर आधी पूर्ण पान पाहावे आणि मगच चौकटी वाचाव्यात.

जाता जाता नागपूरच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे पारा गेला की आपल्याकडे घरोघरी कूलर लागतात आणि अंकांची पेटी बहुतेक वेळा त्याच खोलीत असते. कूलरची हवा दमट असते. अंक ठेवलेल्या पिशवीचे तोंड उघडे असेल तर ती ओल कागदात शिरते आणि पिना गंजतात. पेटी कूलरच्या झोतापासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत आणि जमिनीपासून उंचावर ठेवावी.

राहिला तिसरा प्रश्न. माझ्या मते ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’ छापील चालू ठेवावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत लेखक स्कॉट स्नायडरने ब्रूस वेनकडची, म्हणजे बॅटमॅनकडची, संपत्ती काढून घेतली आणि त्याची आई जिवंत ठेवली, याची चर्चा पुष्कळ झाली. चित्रकार निक ड्रगोटाच्या पानांबद्दल मात्र त्या मानाने फार कमी लिहिले गेले. तो लहान चौकटींची दाट जाळी रचतो आणि मग त्या धिप्पाड बॅटमॅनला अचानक मोठी जागा देतो. छातीवरचे चिन्ह कुऱ्हाडीसारखे काढून हाती घेण्याची कल्पनाही त्या चौकोनी, जड आकृतीला शोभून दिसते. हे परिणाम कागदावर अधिक चांगले कळतात, आणि आपल्यासारखा शाईकामाकडे लक्ष देणारा वाचक त्यावर लिहील तर ते मी आवर्जून वाचीन, मग त्याला कितीही उशीर झालेला असो. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चे अंक अनेकदा महिन्यातून दोन निघतात, त्यामुळे आपल्या मासिक पार्सलमध्ये तीच मालिका सर्वांत मागे पडत जाते. मार्व्हल अनलिमिटेड या डिजिटल वाचनसेवेच्या वर्गणीत तिचे अंक प्रकाशनानंतर साधारण तीन महिन्यांनी वाचायला मिळतात, आणि पार्सलला लागणारा वेळ व खर्च पाहता तो मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. ती मालिका वगळायची असेल तर दुकानाला आजच लेखी कळवावे, कारण पुढच्या महिन्याच्या अंकांची अंतिम मागणी त्यांनी बहुधा नोंदवलेली असेल, आणि तेवढे अंक आपल्याला घ्यावेच लागतील.