आयरिसचे कंद सडणे आणि फूल न येणे: आधी गट तपासा

तुमच्या आयरिसची (कंदापासून वाढणारं फुलझाड) पानं जोमदार, पण तीन वर्षांत एकही फूल नाही. हिवाळा सौम्य, उन्हाळा पावसाचा, आणि आता कंदही सडायला लागलेत, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या वाफ्यातही हेच झालं होतं, म्हणून सविस्तर उत्तर देतोय. ऊन आणि निचरा तुम्ही पाहिला असेलच.

वर्णनावरून रोपं टॉल बिअर्डेड गटातली (उंच, पाकळ्यांवर दाढीसारखे केस असलेली) वाटतात. फोटो नाही, त्यामुळे हा अंदाजच समजा. या गटाला कळी धरण्यासाठी हिवाळ्यात काही आठवडे चांगली थंडी लागते. ती मिळाली नाही की नुसती पानं वाढतात. त्यात नत्राचं खत जास्त झालं तर वाढ लुसलुशीत होते आणि सड लवकर लागते. पाकिटावरच्या झोनच्या (रोप किती थंडी सोसतं ते सांगणाऱ्या हवामान-विभागाच्या) आकड्यावर विसंबू नका. तो हिवाळ्यातल्या किमान तापमानावरून ठरतो. उन्हाळ्यातला पाऊस आणि दमट रात्री त्यात धरलेल्याच नसतात.

सगळ्यात मोठं नुकसान झालं ते एका रोपवाटिकेच्या सूचनापत्रकामुळे. सगळ्या आयरिसना एकच सूचना: कंद मातीत पुरा, वर आच्छादन घाला, ओल टिकवा. लुईझियाना आयरिससाठी हे अगदी बरोबर आहे, कारण त्याचा कंद उघडा राहिला तर उन्हाने भाजतो. बिअर्डेडला मात्र हेच मारक. त्याच्या कंदाची पाठ मातीवर उघडी हवी. गाडलेल्या कंदाभोवती ओल आणि उष्णता कोंडते आणि जिवाणूंमुळे होणारी मऊ सड सुरू होते. विक्रेत्यांनी गटागणिक वेगळी सूचना द्यायलाच हवी. तक्रार केली तर उत्तरादाखल तेच पत्रक पुन्हा हातात देतात.

आता कंद वाचवायचे असतील तर पंख्यासारख्या पसरलेल्या पानांच्या जुडग्याच्या बुडाशी अंगठ्याने दाबून पाहा. पचपचीत लागलं आणि कुजका वास आला तर कंद उकरून काढा. घट्ट, पांढरा गर लागेपर्यंत चमच्याने खरवडा. हत्यार दर वेळी एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात बुडवून घ्या. पानं 15 सेंमीवर छाटा, कंद दोन दिवस कोरड्या, हवेशीर जागी सुकवा आणि 10 ते 15 सेंमी उंच गादीवाफ्यावर लावा.

पण वाचले तरी त्या हवेत ते भरभरून फुलतील असं मला वाटत नाही. माझं स्पष्ट मत, लुईझियाना लावा: आम्लधर्मी माती (सामू 5.5 ते 6.5), भरपूर कंपोस्ट, वाढीच्या काळात मुबलक पाणी. सायबेरियन आयरिसच्या वाटेला जाऊ नका, त्यालाही थंडी हवी. स्पुरिया हा आणखी एक गट उष्णता सोसतो, पण त्याला उन्हाळा कोरडा लागतो. पाणथळ जागेसाठी कोणी पिवळ्या फुलांचा स्यूडाकोरस आयरिस फुकट दिला तरी घेऊ नका. बी पाण्यावर तरंगत जातं आणि ओढ्याचे काठ तो व्यापून टाकतो. आणि जपानी आयरिस आणलात तर त्या वाफ्यात चुना अजिबात टाकू नका, पानं पिवळी पडतात.