गावातल्या छोट्या नाट्य आणि इतिहास मंडळाला हॉल बांधायला सरकारी अनुदान मिळतं का? अर्ज कुठून सुरू करायचा?

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या गावात तुमचं जुनं मंडळ आहे, पत्र्याची एक इमारत आहे, तिथे तालमीला नीट हॉल आणि जुने कागद ठेवायला एक खोली बांधायचीय, पैसे नाहीत, तर काय करायचं. मी अशाच एका मंडळाचा नऊ वर्षं कार्यवाह होतो, सातारा जिल्ह्यात, म्हणून जे केलं ते सांगतो.

अनुदान मिळतं. पण फॉर्म नंतर, आधी सिटी सर्व्हेत (नगर भूमापन कार्यालयात) जाऊन प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जागा कुणाच्या नावावर आहे त्याचा उतारा, काढा.

आम्ही उलटं केलं होतं. आधी आर्किटेक्टकडून नकाशा, एस्टिमेट, सगळं झालं, कार्यकारिणीत पेढे वाटले, आणि मग कार्ड काढलं तर त्यावर मंडळाचं नावच नाही! ज्या गृहस्थांनी जागा दिली त्यांचंच नाव, आणि ते जाऊन तीस वर्षं झालेली. त्यांनी दिलेला कागद होता, सुंदर अक्षरात, सही-साक्षीदार सगळं, पण नोंदणी झालेली नव्हती. मग त्यांचे वारस शोधले, दोघं पुण्यात आणि एक मुलगी बेळगावात. त्या बाई ऐंशीच्या पुढच्या, मुलाचा हात धरून रजिस्ट्रार ऑफिसचे दोन जिने चढून आल्या आणि सही करताना म्हणाल्या की दादांनी जागा दिली तेव्हा मी परकरात होते. त्यांचे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही. मग नोंदणीकृत बक्षीसपत्र, मग सिटी सर्व्हेला नाव लावणं, मग धर्मादाय कार्यालयात ती मिळकत परिशिष्ट एकवर, म्हणजे मंडळाचे विश्वस्त आणि मिळकत यांच्या तिथल्या नोंदीवर, चढवणं, यात दीड वर्ष गेलं. हे सगळं आधी झालं असतं तर आमचा पहिला अर्ज वाया गेला नसता. जागा स्वतःच्या मालकीची नसून नगरपालिकेची असेल तर लांब मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा लागेल, नुसता ठराव किंवा ना-हरकत पत्र कुणी धरत नाही.

दुसरी गोष्ट चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 खाली कळवायचं असतं, आणि छोट्या मंडळांत हे कुणी करत नाही, दर निवडणुकीनंतर हार घालून घरी जातात. परिशिष्टावर जुनीच नावं राहतात, त्यातले निम्मे हयात नसतात, आणि तुम्ही अध्यक्ष म्हणून अर्जावर सही करता तेव्हा कागदोपत्री तुम्ही कुणीच नसता. उशीर माफीचा अर्ज देऊन हे सरळ करता येतं, वेळ लागतो, आजच वकील गाठा.

आता योजनेचं. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची कला संस्कृती विकास योजना आहे, त्यात एक भाग बिल्डिंग ग्रँटचा, स्टुडिओ थिएटर धरून. तालीम हॉल, छोटं प्रेक्षागृह, वर्ग, शिवाय लाइट, साउंड, अकूस्टिक्स हे सगळं त्यात बसतं. मेट्रो शहरांत कमाल 50 लाख, बाकी ठिकाणी 25 लाख, म्हणजे तुमचे 25 लाख. पण ते प्रकल्पाच्या 60 टक्क्यांपर्यंतच देतात, उरलेले 40 टक्के तुमचे. म्हणजे 25 लाख पूर्ण पाहिजे असतील तर काम साधारण 42 लाखांचं आणि त्यातले 17 लाख मंडळाचे. आणि पैसे हप्त्याहप्त्याने येतात, तोवर कॉन्ट्रॅक्टर थांबत नाही, म्हणून हातात खेळतं भांडवल ठेवावंच लागतं. कर्ज काढायचा विचार असेल तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, त्याच कायद्याचं कलम 36अ, ते विसरून पतसंस्थेकडे जाऊ नका.

ते 40 टक्के कुठून आणायचे? आम्ही थोडे देणगीतून आणि मोठा वाटा सीएसआरमधून, म्हणजे कंपन्या सामाजिक कामाला देतात त्या पैशातून, आणला. कंपनी कायदा 2013 च्या अनुसूची 7 मध्ये वारसा, कला, संस्कृती, सार्वजनिक वाचनालयं स्पष्ट लिहिलेली आहेत, म्हणजे जवळच्या एमआयडीसीतल्या कंपनीकडे हक्काने जाता येतं. फक्त आयकर खात्याकडची 12ए, 80जी आणि कंपन्यांचा निधी घेण्यासाठीची सीएसआर-1 ही नोंदणी आधी करून घ्या, नीती आयोगाच्या दर्पण या संस्था-नोंदणी पोर्टलचा नंबरसुद्धा, तो तर सगळीकडेच मागतात.

आणि कागदांची खोली नकाशात मागे टाकू नका, हे मी हात जोडून सांगतो. आमच्याकडे मोडीचे रुमाल, म्हणजे मोडी लिपीतल्या कागदांचे कापडात बांधलेले गठ्ठे, होते, एका वतनदार घराण्याचं दप्तर, लाल कापडात बांधलेलं, जमिनीवर ट्रंकेत. एका जुलैत पश्चिमेची भिंत पाझरली आणि ट्रंक उघडली तर खालचा रुमाल वडीसारखा एक झालेला, पान सोडवायला गेलं की शाई हातावर. तो गेलाच. म्हणून नव्या बांधकामात ती खोली पूर्वेला घेतली, पावसाच्या भिंतीपासून लांब, लोखंडी रॅक भिंतीपासून सुटे आणि जमिनीपासून वर, आणि त्या खोलीतून पाण्याचा एकही पाइप जाऊ दिला नाही. आर्किटेक्टला वाटत होतं स्टोअररूम आहे, त्याला उरलेले दोन रुमाल दाखवले तेव्हा कळलं.

कागद जपायला राष्ट्रीय अभिलेखागाराची मदतही मिळू शकते, ती वेगळी, बांधकामात मिसळू नका.

अर्जात मंडळाची माहिती लिहिताना 'समृद्ध सांस्कृतिक परंपरा' वगैरे नको. कोणत्या वर्षी कोणतं नाटक केलं, किती प्रयोग, तालमीला रोज किती जण येतात, दप्तरात किती रुमाल, कुणी येऊन अभ्यास केला, एवढंच लिहा, सोबत फोटो, हँडबिलं, पेपरची कात्रणं, तीन वर्षांचं ऑडिट. एस्टिमेट सार्वजनिक बांधकामच्या दराने करून घ्या, मनातले आकडे टाकू नका. आणि 'आम्ही मंजूर करून देतो' म्हणून टक्केवारी मागणारे येतील, आमच्याकडे एक जण दहा टक्के मागत होता. सरळ नाही म्हणा, फॉर्म आपला आपल्याला भरता येतो.

पैसे आल्यावर वेगळं खातं ठेवा, प्रत्येक बिल जीएसटीचं घ्या. शेवटी पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर 12-ए नमुन्यात, सीएकडून द्यायचंय, आणि त्या पैशातून जे उभं राहिलं ते परवानगीशिवाय विकता येत नाही, त्याची नोंदवही ठेवावी लागते. वीजबिल, रंगरंगोटी, वॉचमन यातलं काहीही योजनेत नाही, ते सगळं तुमचं, त्यामुळे हॉल भाड्याने किती द्यायचा आणि तालमीला किती दिवस राखून ठेवायचा हे आत्ताच ठरावात लिहा. आम्ही मंगळवार ते शुक्रवार संध्याकाळ तालमीला राखली, बारशी-डोहाळजेवणं शनिवार-रविवारी, त्यावर वीजबिल निघतं.

प्रॉपर्टी कार्डावर कुणाचं नाव निघतं ते कळवा. वारसांकडून करून घ्यायची वेळ आली तर आमच्या बक्षीसपत्राचा मसुदा आहे माझ्याकडे, देतो.