चूलदेवी, चुलाई की कणगाई?

खानदेशात घडणारी एक अद्भुतकथा लिहिणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. सातपुड्याच्या पायथ्याचं काल्पनिक गाव, तिथली काल्पनिक देवी. चूल, पीक आणि घरची माणसं, तिन्ही तिच्या हवाली. ताईंनी तिला 'अन्नगृहेश्वरी' म्हटलंय, त्यांच्या मैत्रिणीला 'चूलदेवी' बरं वाटतं. यातलं कुठलं नाव खानदेशी कानाला खरं वाटेल आणि 'चूलदेवी'तला 'चू' ऱ्हस्व की दीर्घ, असं त्यांनी विचारलंय.

ऱ्हस्व-दीर्घाचं आधी उरकतो. 'चूल' अकारान्त, म्हणून उपान्त्य ऊ दीर्घ. प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: चुलीत, चुलीवर. समासात पूर्वपद शाबूत राहतं, म्हणून 'चूलबंद आवतण' तसंच 'चूलदेवी'. हे झालं प्रमाण मराठीचं. खानदेशात ती चूल नाही, 'चुल्हा' आहे. बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) कवितेतला तवाही चुल्ह्यावरच आहे. तेव्हा निवेदनात चूल आणि गावातल्या माणसांच्या तोंडी चुल्हा, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

आता नाव. 'अन्नगृहेश्वरी' व्याकरणात चोख आहे, अन्नगृह अधिक ईश्वरी, संधीत खोट नाही. पण 'अन्नगृह' वाचलं की मला एसटी स्टँडासमोरची उपाहारगृहाची पाटी दिसते. शिवाय या नावात देवीची सगळी कामं कोंबून बसवली आहेत. रोमन लोकांनी चुलीला वेस्ता, धान्याला सेरेस आणि घरच्या कोठाराला पेनातेस अशी खाती वाटून दिली होती. इंग्रजी अद्भुतकथा आणि गेम हाच साचा पुढे चालवतात आणि तिथे तो शोभतोही. आपल्या लोकदेवी अशा खात्यांनी ओळखल्या जात नाहीत. सप्तशृंगी शिखरांवरून, सटवाई षष्ठीवरून, मरीआई रोगावरून. कामावरून नाव पडतच नाही असं नाही. अन्नपूर्णा आहेच, पण ती संस्कृतातून आलेली. साक्री तालुक्यात म्हसदीची धनदाई आहे, तिचं नाव ऐकताना 'धन देणारी' असा अर्थ लागतोच. पण तिथेही एकच गोष्ट धरली आहे आणि पुढे 'आई' लावून विषय संपवला आहे.

या 'आई'चं वागणं बघण्यासारखं आहे. गौरीची गौराई होते, सटवीची सटवाई, म्हणजे ईकारान्त नावातली ई गळते आणि 'आई' थेट येऊन चिकटते. मरीआई मात्र सांधा उघडा ठेवून उभी राहते. तेव्हा नवं नाव घडवायचं तर हे दोन्ही रस्ते मोकळे आहेत. 'बाई' हा तिसरा, आणि खानदेशात तो जास्त वापरातला: कानबाई, रानबाई. हाक मारताना मात्र 'माय'. 'आई' इथे नावाच्या शेपटाला असते, तोंडी माय असते.

मग सरळ 'चुलाई' का नको? म्हणून बघा मोठ्यानं. एक तर ती हिंदीतल्या चौलाईच्या भाजीजवळ जाते, आणि निमाड-बऱ्हाणपूरची हिंदी खानदेशाला परकी नाही. दुसरं म्हणजे धुलाई, सिलाई, कढाई ही रांग. 'चुलाईचे किती झाले?' असं कोणीतरी विचारणारच. खळ्यावरून 'खळाई' करावं तर आपल्याकडे ळ चा य होतो. डोळा डोया, पोळा पोया, तशी ती 'खयाई' होईल आणि पुण्याच्या वाचकाला तो मुद्रणदोष वाटेल.

माझं मत 'कणगाई'ला. कणगी म्हणजे बांबूच्या कांब्यांची किंवा तुराट्यांची विणलेली, आतबाहेर शेणमातीनं लिंपलेली, तोंडाला झाकण असलेली धान्याची उभी टोपली. खळ्यावरचं धान्य तिच्यात पडलं की ते पीक राहत नाही, घरचं वर्षभराचं खाणं होतं. म्हणजे शेत, चूल आणि माणसं यांच्या बरोबर मधोमध ती उभी आहे. सटवी-सटवाईच्या नियमानं कणगी-कणगाई बिनतक्रार बसते. महागाईशी यमक जुळतं ही अडचण आहे खरी, पण गावातल्या एखाद्या वात्रट म्हाताऱ्याला तो विनोद करू द्या, नाव उलट जिवंत होईल.

आता ज्या शब्दासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो तो शब्द: राख. ताईंच्या मसुद्यात देवी 'कुटुंबसंरक्षिका' आहे. त्याऐवजी 'राखणे' घ्या. आपण पीक राखतो, घर राखतो, मान राखतो. हे क्रियापद संस्कृत 'रक्ष्'वरून आलं. आणि चुलीतली राख? तीही 'रक्षा'वरूनच. संस्कृतात रक्षा म्हणजे राखण आणि रक्षा म्हणजे भस्मही, कारण भस्म अंगाला लावायचं ते राखणीसाठी. मराठीत 'रक्षाविसर्जन' म्हणतो तेव्हा तोच अर्थ बोलतो. आता कणगीकडे या. कडधान्याला, बियाण्याला कीड लागू नये म्हणून त्यात चुलीतली चाळलेली राख कालवायची, ही बायकांची जुनी रीत. चुलीतून निघालेली राख धान्य राखते आणि धान्य माणसांना. तुमच्या देवीची तिन्ही कामं एका चिमटीत आली. तिचा अंगारा हाच ठेवा. लेकरू आजारी पडलं तर कपाळाला, पेरणीला बियाण्यात, सून घरात आली तर उंबऱ्यावर. नावात मात्र राख घालू नका. राखरांगोळी, राख सावडणे हे सगळं त्या शब्दामागे उभं आहे, 'राखाई'ला कोणी नवस बोलणार नाही.

याउलट एक खोटी व्युत्पत्ती टाळा. 'एका चुलीवरचे ते चुलत' हे ऐकायला गोड आहे, आणि कुटुंबदेवीच्या कथेत ते घालायचा मोह होईल. पण चूल आली 'चुल्लि'वरून आणि चुलता 'क्षुल्लतात'वरून, म्हणजे धाकटा बाप. दोघांचं काही नातं नाही.

कानबाईबद्दलही सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरोघर बसते, सोमवारी तिला निरोप देतात. अनेक घरांत रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मुठी मोजून घेतात आणि 'कानबाईना रोट' भाऊबंदांबाहेर जात नाही. कामावर परगावी गेलेली माणसं त्यासाठी गावी येतात. ही देवी जागती आहे, तिला नाव बदलून कथेत आणू नका. रीत मात्र घेता येईल, आणि मी ती थोडी वाकवीन: कणगाईच्या मुठींत मुलींच्या नावाच्याही मुठी. कथेतला सगळा तंटा त्या एका मुठीवरून उभा राहू शकतो.

खळ्यावरची अजून एक लकब घ्या. धान्य मापताना जुनी माणसं पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, आणि मग दोन, तीन. कणगाईच्या गावात 'लाभ'ऐवजी देवीचं नाव घेत असतील. मोजणी कणगाईपासून सुरू.

मसुद्यात पात्रं देवीशी 'आपण कृपा करावी' असं बोलतात, ते काढा. देवीला एकेरीच. 'माय, तुनाच आधार शे' म्हणेल धुळे-साक्रीकडची बाई, तिच्या अहिराणी बोलीत. पण हे 'शे' सगळ्या खानदेशाचं नाही. यावल-रावेरकडे लेवा गणबोलीत 'हाये' येईल. सातपुड्याचा पायथा म्हणजे दोन्ही शक्य आहेत, तेव्हा गाव कुठल्या तालुक्याच्या अंगाला ते आधी ठरवा आणि मग क्रियापदं बसवा.