वसंतात इंदूरजवळच्या एखाद्या लहान शेतावर राहून पेरणी-लागवड शिकता येईल का? तिथला दिवस कसा जातो? शेतीचा अजिबात अनुभव नसलेल्या माणसाचे तिथे ओझे होते का?

आमचे शेत इंदूरच्या बाहेर, एका तासाच्या अंतरावर आहे. जमीन जेमतेम चार एकर असून गेली काही वर्षे फाल्गुन-चैत्रात शिकायला येणारी दोन-तीन मुले-माणसे आमच्याकडे राहतात, म्हणून अनुभवाने उत्तर देत आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला कदाचित निराश करील. वसंत म्हणजे पेरणी, ही कल्पना थंड देशांची आहे, कारण तिथे बर्फ वितळल्यावर जमीन मोकळी होते. माळव्यात गहू आणि हरभरा कार्तिकात पेरलेला असतो, सोयाबीन आषाढात पेरले जाते, आणि वसंतात शेत रिकामे होत असते. बोअरला पाणी टिकले तर थोडा उन्हाळी मूग, भेंडी, गवार आणि काकडीचे दोन वाफे लावतो, इतकेच. मात्र पेरणीचे अर्धे काम याच दिवसांत होते असे मी मानतो, कारण पुढच्या वर्षीचे बियाणे आत्ता निवडले जाते. ज्याला खरोखर शेती शिकायची आहे त्याने पेरायला नव्हे, निवडायला वसंतात यावे.

हे नीट सांगतो. गव्हाची सोंगणी सुरू होण्याच्या तीन-चार दिवस आधी शिकाऊ मंडळींना हातात कापडी पिशवी देऊन उभ्या पिकात सोडतो. बांधाकडेची रोपे नेहमीच जोमदार दिसतात, कारण त्यांना ऊन आणि जागा जास्त मिळते, त्यामुळे त्यांच्याकडे पाहायचे नाही. शेताच्या मध्यभागी, शेजाऱ्यांच्या दाटीत उभे राहूनही जे रोप लोळले नाही, ज्याच्या सगळ्या ओंब्या एकाच वेळी पिकल्या आणि ज्यावर तांबेरा (तांबडे ठिपके पाडणारा बुरशीरोग) नाही, त्याच्याच ओंब्या खुडायच्या. मळणीनंतरच्या राशीत सगळे दाणे सारखेच दिसतात आणि कोणता दाणा कोणत्या रोपाचा हे कळायला मार्गच उरत नाही, म्हणून ही निवड उभ्या पिकातच करावी लागते. गव्हात परागीभवन बहुतांशी त्याच फुलात होते, त्यामुळे अशी निवड पुढच्या पिढीत टिकते. कांद्याचे तसे नाही. मार्चमध्ये कांद्याच्या गोंड्यांवर मधमाश्यांची इतकी गर्दी असते की जवळ उभे राहिले तरी गुणगुण ऐकू येते, आणि त्याच माश्या शेजारच्या शेतातले परागही घेऊन येतात. गहू आणि कांदा असे एकाच सकाळी पाहिले की बियाण्यांचा मोठा धडा पाठांतराशिवाय समजतो.

दिवस पहाटे पाचला सुरू होतो. अंगावर शाल लागते, आणि त्याच दिवशी दुपारी सावली शोधावी लागते. हरभरा दव असतानाच उपटायचा, नाहीतर वाळलेले घाटे गळून पडतात. पण त्या वेळी पानांवर आंब, म्हणजे हरभऱ्यातून सुटणारे आंबट पाणी असते, ती हातांना चुरचुरते आणि बारीक ओरखडा असेल तर चांगलीच झोंबते. माझी आजी रात्री पांढरे धोतर हरभऱ्यावर पसरून पहाटे ते पिळून आंब काढीत असे आणि पोटदुखीवर देत असे. आलेल्या प्रत्येकाला मी बोटाला लागलेली ती आंब एकदा चाखायला सांगतो. दहा वाजेपर्यंत शेतातले काम आटोपते. दुपारी लसूण पातीसकट सावलीत पसरणे, जुड्या बांधणे, धान्य निवडणे अशी बसून करायची कामे असतात. गहू कोठीत भरण्यापूर्वी दाणा दाताखाली धरायचा. कट् असा स्वच्छ आवाज आला तरच भरायचा. एका वर्षी मी घाई केली, दाणा किंचित चिवट असतानाच कोठी बंद केली आणि श्रावणात उघडली तेव्हा सोंडे किड्यांनी निम्मा गहू पोखरला होता. तेव्हापासून ही परीक्षा दोन वेगवेगळ्या माणसांनी घ्यायची असा आमचा नियम आहे.

संध्याकाळ खताच्या खड्ड्यासाठी राखलेली असते, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण हे इंदूरचेच देणे आहे. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत काम करून काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, तीन वेळा उलथापालथ करून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. 1931 साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ती ग्रंथरूपाने मांडली, आणि जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. त्या परिसरात आज कृषी महाविद्यालय आहे. आमच्या खड्ड्यात सोयाबीनचे कुटार, हरभऱ्याचा भुसा आणि पळसाची गळलेली पाने जातात. उन्हाळ्यात खड्डा लवकर कोरडा पडतो, त्यामुळे वरून पाणी शिंपडावे लागते. पावसाळ्यात उलट जमिनीवर ढीग रचावा लागतो. खड्ड्यात लोखंडी सळई खोचून दहा मिनिटांनी बाहेर काढली की हातात धरवत नाही. आतल्या उष्णतेचा तो अनुभव घेतला की, आजूबाजूला पेटणारी नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेले खुंट, पाहताना मन किती अस्वस्थ होते ते शिकाऊ मंडळींना वेगळे सांगावे लागत नाही. कंबाइनने कापणी केल्यावर उरलेले गव्हाचे खुंट जाळण्यावर बंदी आहे, तरीही एप्रिलमध्ये रात्री क्षितिजावर तांबडी रेघ दिसते. शेतकऱ्याला दोष देऊन हे थांबणार नाही. मजुरी आणि वेळ यांचे गणित त्याच्यासमोर असतेच. म्हणून भुसा करून देणारे यंत्र चार शेजाऱ्यांनी मिळून भाड्याने आणण्याचा आमचा प्रयत्न चालू आहे.

रंगपंचमीला काम बंद असते. राजवाड्याची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, पाहायला सगळे शहरात जातात आणि दुसऱ्या दिवशी कानामागचा रंग घेऊनच सोंगणीला उभे राहतात. पाडव्याची गुढी मात्र शेतावरच उभारतो. पुढे एके दिवशी सगळ्यांना इंदूरच्या छावणी भागातल्या धान्य मंडीत नेतो, कारण पोत्यात हात घालून व्यापारी काय पाहतो हे शेतात बसून कळत नाही.

अनुभव नसल्याने ओझे होते का? पहिले तीन दिवस होते, आणि ते आम्ही गृहीत धरलेले असते. म्हणून दहा दिवसांपेक्षा कमी राहणाऱ्याला आम्ही नाही म्हणतो. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाही; जेवणात बहुधा बाफले-डाळ किंवा पोळी-भाजी असते आणि झोपायला ओसरी. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत केव्हाही या, पूर्ण बाह्यांचे जुने सुती सदरे आणि टोपी आणा, पायात बंद बूट असू द्या. विळा आम्ही देऊ, पण पहिल्या दिवशी तो फक्त धार लावण्यासाठीच.

जाताना आपण निवडलेल्या ओंब्यांची पिशवी आपले नाव घालून खुंटीला टांगलेली राहील. कार्तिकात ती पेरायला यायचे आहे, एवढे आत्ताच ठरवून ठेवा.