मेंदूत गाठ झालेल्या पत्नीची सोबत करणाऱ्या तरुणास

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि गोळ्या यांविषयी तू तपशिलाने लिहिले आहेस. पण मनातला खरा प्रश्न तू अगदी शेवटच्या ओळीत, ओझरता विचारला आहेस: ती पूर्वीसारखी राहिलेली नाही, मग मी आता नेमकी कोणाची काळजी घेतो आहे? मेंदूच्या रुग्णांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून माझे उभे आयुष्य गेले, आणि हा प्रश्न मी अनेक पतींच्या व पत्नींच्या चेहऱ्यांवर वाचला आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कपाळामागे मेंदूचा जो पुढचा भाग असतो, त्याच्याकडे पुढाकार घेणे, स्वतःला आवरणे आणि समोरच्याच्या मनाचा अंदाज घेणे ही कामे असतात. तिथे गाठ असली किंवा गाठीभोवती सूज आली, तर माणूस तासन्तास एका जागी बसून राहतो, आंघोळीलाही उठत नाही आणि विचारले तर 'मी ठीक आहे' एवढेच म्हणतो. बघणाऱ्याला तो आळस वाटतो किंवा आपल्यावरचा राग वाटतो. प्रत्यक्षात काम सुरू करण्याची यंत्रणाच दुखावलेली असते. 'तुला काय करावेसे वाटते?' असे मोघम विचारण्याऐवजी 'चल, आता आपण दोघे बाहेर दोन फेऱ्या मारू' असे म्हणून हात पुढे केलास, तर ती बहुधा उठेल. असेच दिसणारे नैराश्यही असू शकते आणि त्यावर उपचार आहेत, म्हणून दोन्हींतला फरक डॉक्टरांकडून तपासून घे. कित्येकदा झालेला बदल रुग्णाच्या स्वतःच्या लक्षातच येत नाही. तो हट्ट नसतो. आजारानेच ती जाणीव बोथट केलेली असते. तेव्हा 'तू बदलली आहेस' हे तिला पटवून देण्याच्या भानगडीत पडू नकोस.

स्वभावातल्या फरकाला औषधेही कारण असतात, हे नातेवाइकांना फार उशिरा कळते. सूज उतरवण्यासाठी दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे झोप उडते, भूक वाढते, चिडचिड होते, रक्तातली साखर चढते आणि मांड्यांचे स्नायू अशक्त होऊन खुर्चीतून उठणे जड जाते. फिटचे झटके येऊ नयेत म्हणून देतात त्या लेव्हेटिरासेटामने काही रुग्ण एकाएकी रागीट होतात. यातले कोणतेही औषध आपल्या मनाने थांबवायचे नाही, विशेषतः स्टेरॉइड अचानक बंद करणे धोक्याचे असते. पण शेवटचा डोस सकाळी वा दुपारीच देता येईल का, किंवा झटक्यांचे औषध बदलता येईल का, हे अवश्य विचार. त्यासाठी एक वही ठेव. तारीख, डोस, झोप, डोकेदुखी, उलटी, चालताना गेलेला तोल आणि त्या दिवशीचे वागणे एवढे लिहिलेस तरी पुष्कळ झाले. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांसमोर ती शहाण्यासारखी बोलेल (सगळेच रुग्ण बोलतात) आणि घरी काय घडते ते केवळ तुझ्या वहीतच असेल.

जवळून बघायला शीक. ताटातला उजवा भाग संपला आहे, डावा तसाच आहे आणि ती 'माझे झाले' म्हणते आहे, असे दिसले तर भूक नाही असे समजू नकोस. ताट फिरवून बघ. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की कधी कधी डावीकडचे जग लक्षातूनच निसटते. डाव्या बाजूला गाठ असेल तर अनेकदा शब्द अडतात: चष्मा हवा असतो आणि तोंडून 'किल्ली' येते. अशा वेळी वाक्य तिच्या वतीने पूर्ण करण्याची घाई करू नकोस. थांब, एका वेळी एकच प्रश्न विचार आणि 'हो-नाही'त उत्तर देता येईल असा विचार. बोलता येत नसले तरी समजत असू शकते, म्हणून तिच्या देखत तिच्याविषयी तिसऱ्याशी बोलण्याची जी सवय घरादाराला लागते, ती मोडून काढ.

झटका आला तर तिला कुशीवर वळव, आसपासच्या टणक वस्तू दूर कर, तोंडात काहीही घालू नकोस, घट्ट धरून ठेवू नकोस आणि घड्याळ बघ. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरा आला, तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलाव.

रेडिएशन संपल्यावर काही आठवडे थकवा वाढू शकतो. त्यानंतरच्या पहिल्या तीनेक महिन्यांत एमआरआयमध्ये कधी कधी गाठ वाढल्यासारखी दिसते आणि ती वाढ खरी नसून उपचारांचाच परिणाम असू शकते. म्हणून त्या एका अहवालावरून घरात रडारड करण्याआधी डॉक्टर पुढची तपासणी कधी करणार आहेत ते ऐकून घे.

आता अवघड विषय. आजार कोणत्या वळणाने जाईल हे गाठीच्या प्रकारावर आणि श्रेणीवर ठरते. मेंदूच्या आवरणातली गाठ बहुधा सौम्य असते, तर ग्लायोब्लास्टोमा ही चौथ्या, म्हणजे सर्वांत आक्रमक श्रेणीची गाठ सहसा परत येते. तुमच्या बाबतीत काय आहे ते दोघांनी मिळून, तिला जितके जाणून घ्यायचे असेल तितके, विचारा. तिची विचारशक्ती शाबूत आहे तोवरच तिला काय हवे आणि काय नको, बोलता येईनासे झाले तर निर्णय कोणी घ्यायचा, कोणते उपचार कुठवर चालवायचे, हे तिच्याच तोंडून ऐक आणि लिहून घे. वेदना व इतर त्रास शमवणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरची मदत उपचार चालू असतानाही घेता येते. त्या मदतीला शेवटचा दरवाजा समजून टाळणे मला कधीच पटले नाही.

आणि तू दिवसभर केवळ तिचा परिचारक होऊन राहू नकोस. गोळ्या देणे, आंघोळ घालणे, रात्री जागणे यांतले जे दुसऱ्याच्या हाती सोपवता येईल ते सोपव, म्हणजे तिच्याशेजारी नुसते बसायला, तिच्याशी जुन्या गोष्टींवर भांडायला, तिचा हात हातात घ्यायला तुझ्यात त्राण उरेल. 'काही लागले तर सांग' म्हणणाऱ्या नातेवाइकाला वार आणि वेळ ठरवून दे. तुला राग येईल, कधी हे सारे संपावे असेही वाटेल. तसे वाटले म्हणून तुझे तिच्यावरचे प्रेम खोटे ठरत नाही. मात्र ते कोणापाशी तरी बोल, माझ्यापाशी बोललास तरी चालेल.

पुढच्या भेटीत स्टेरॉइडचा डोस कमी करण्याचे वेळापत्रक लेखी मागून घे आणि त्यानंतरच्या आठवड्यात ती कशी वागते, ते मला कळव.

तुझी,
मावशी