जुनी .३१५ रायफल घेतली, ग्रुप येत नाही, म्हणजे गोळ्या एका जागी पडत नाहीत; शंभर मीटरला सहा इंचांत पसरतात. स्कोप बदलू का?

नका बदलू. शंभर मीटरला सहा इंचांचा पसारा आणि रायफल इशापूरच्या सरकारी कारखान्यातली जुनी .३१५, म्हणजे दोष काचेत असायची शक्यता कमीच. स्कोपच्या माउंटचे (पकडीचे) आणि लाकडाखालचे स्क्रू आवळून पाहिलेच असतील असं धरतो.

आमच्या सासऱ्यांकडे हीच आहे, शहापूरकडे. २०२४ च्या लोकसभेच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा केलेली, परत मिळाली ती ऐन पावसात. मेहुण्याने रेंजवर नेली तर पहिली गोळी बरोबर, दुसरी डावीकडे, तिसरी आणखी डावीकडे. झालं! "दाजी, नेम स्कोपमुळे जातोय," म्हणत साहेबांनी महागडा स्कोप आणला. गोळ्या डावीकडेच, फक्त आता भोकं मोठी दिसायला लागली. मी दहाची नोट नळी आणि लाकडाच्या फटीत घातली. डावीकडून सुळकन गेली, उजवीकडे अडकली. दमटपणाने लाकूड फुगून नळीला रेटत होतं, आणि नळी तापली की जास्तच. ठाणे शहरातल्या परवानाधारक कारागिराने आतून तेवढंच लाकूड खरवडलं, तेल पाजलं. गोळ्या तळहाताएवढ्या जागेत आल्या. मेहुणा अजून श्रेय स्कोपलाच देतो. मग जुना स्कोप परत चढवल्यावरही तोच ग्रुप कसा आला, यावर मात्र गप्प.

लाकूड ठीक असेल तर नळीचं तोंड बघा. आधीच्या मालकांनी पुढून रॉड घालघालून तिथली कड झिजवलेली असते. कापसाचा बोळा कडेवरून फिरवा, धागे अडकले तर समजा. हिचा बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) मागून निघतो, त्यामुळे साफसफाई मागूनच करायची. नळीतला तांब्याचा थरही काढा. काडतुसं एकाच लॉटची वापरा, दोन गोळ्यांमध्ये नळी निवू द्या.

अपेक्षाही बेताची ठेवा. हिचा बोल्ट ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलच्या घडणीचा, मागच्या बाजूला लॉक होतो, त्यामुळे नेमाला मर्यादा येते. शंभर मीटरला तीन इंच आले तरी मी खूश असतो.

आणि हो, कानस घेऊन स्वतः बसू नका, खटक्याला तर हातच लावू नका. चाचणी रेंजवरच, शेतात नाही. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे; पिकात रानडुक्कर शिरलं तरी आधी वनखात्याची परवानगी. रायफल तुमच्या परवान्यावर चढली नसेल तर नेमाचं नंतर, आधी ते काम उरका.